सतराव्या तासाचा रिपोर्ट

एग पिकअप झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लॅबकडून जो कागद येतो, त्यावर साधारण असा मजकूर असतो: स्त्रीबीजं अकरा, त्यांतली मॅच्युअर नऊ, टू पीएन सहा, थ्री पीएन एक, वन पीएन एक, झिरो पीएन एक. घरी तो निकाल म्हणूनच वाचला जातो. सहा पास, तीन नापास. नापास का झाली, हा प्रश्न फार वेळ टिकत नाही. लगेच दुसरा पुढे येतो: कुणामुळे झाली? आणि आपल्या घरांमध्ये हा दुसरा प्रश्न कुणाकडे बघून विचारला जातो, ते वाचकांना सांगायला नको.

त्या कागदावरच्या टू, थ्री, वन आणि झिरो या चार शब्दांसाठी हे छोटं पुस्तक लिहिलं आहे. गर्भवतीचा आहार, योगासनं, गर्भसंस्कार यांवरची मराठी पुस्तकं पैशाला पासरी मिळतात. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांची भेट झाल्यानंतरच्या पहिल्या दिवसापाशी मात्र कुणी फारसं थांबत नाही. त्या दिवसात काय नीट होतं, काय बिनसतं आणि बिनसलेलं कसं ओळखतात, एवढाच या पुस्तकाचा आवाका आहे.

एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्याला या विषयाच्या शोधात लांब जावं लागत नाही. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला, वसंत नगरीच्या शेजारची ही वसाहत. इथले बरेचसे संसार मुंबईत जागा परवडेना म्हणून आलेले. आधी घराचं कर्ज, मग नोकरी पक्की होणं, मग मूल, असा क्रम लागला की मुलाचा विचार तिशी ओलांडूनच घरात येतो. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं आहे हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे संध्याकाळी कुणी ना कुणी फाइल घेऊन येतं. दाराबाहेर चपला काढतानाच सांगून टाकतात, "सर, आमच्या नात्यातल्या एकांचा रिपोर्ट आहे." फाइलवर नाव त्यांचंच असतं. एका तरुणाला लॅबचा फोन विरार लोकलमध्ये आला. गाडी नायगाव सोडून भाईंदरच्या खाडीपुलावर होती, "थ्री पीएन" एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली. त्याने घरी बायकोला कळवलं की तिळं होणार. हसायला येतं खरं, पण त्याला कुणी आधी समजावून सांगितलं होतं का, असं विचारलं तेव्हा कळलं की ज्या ठिकाणी उपचार चालू होते तिथे सह्या भरपूर घेतल्या होत्या, खुलासा कुणीच केला नव्हता.

तर पीएन म्हणजे प्रोन्युक्लिअस. फलन झालेल्या स्त्रीबीजात आईकडची तेवीस गुणसूत्रं एका गोल आवरणात आणि बापाकडची तेवीस दुसऱ्या गोल आवरणात, अशी काही तास वेगवेगळी राहतात. ती दोन वर्तुळं म्हणजे टू पीएन. पुढे आवरणं विरतात, गुणसूत्रं एकत्र येतात आणि पेशी पहिल्यांदा दुभंगते.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात शुक्रजंतू आत शिरला की फलन संपतं. प्रत्यक्षात तिथून ते सुरू होतं. मानवी स्त्रीबीज साधारण एक दशांश मिलिमीटरचं; नजर तीक्ष्ण असेल तर नुसत्या डोळ्यांनीही ठिपक्याएवढं दिसावं. त्याचं अर्धसूत्री विभाजन ती स्त्री स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू झालेलं असतं, आणि मग ते थांबतं, वर्षानुवर्षं. बीज बाहेर पडण्याच्या काही तास आधी ते पुन्हा हलतं, निम्मी गुणसूत्रं एका बारीक पेशीत घालून बाजूला टाकतं आणि परत थांबतं. ही पहिली पोलर बॉडी. रिपोर्टमधल्या 'मॅच्युअर'चा अर्थ इतकाच, की ही पोलर बॉडी दिसली. दुसरा टप्पा तसाच अर्धवट. तो पुरा होतो शुक्रजंतू आत आल्यावर. तेव्हा उरलेला जादा वाटा दुसऱ्या पोलर बॉडीतून बाहेर जातो आणि आईची तेवीस गुणसूत्रं निश्चित होतात. म्हणजे आईचा वाटा ठरतो तो बापाचा वाटा पोचल्यानंतर. मला हा क्रम आजही विलक्षण वाटतो.

शुक्रजंतूंची बाजूही सरळ नाही. कोट्यवधी निघतात, गर्भनलिकेपर्यंत पोचतात ते शेकड्यांत. मादीच्या शरीरात काही तास काढल्याखेरीज त्यांना बीजात शिरण्याची क्षमता येत नाही, हे अमेरिकेत मिन चुएह चांग आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी १९५१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं. शुक्रजंतूच्या डोक्यावरचं इझुमो नावाचं प्रथिन २००५ मध्ये जपानी संशोधकांना सापडलं. बीजाच्या पृष्ठभागावर ते ज्याला चिकटतं ते जुनो २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये सापडलं. पहिला शुक्रजंतू चिकटून एकरूप झाला की तासाभराच्या आत बीज आपल्या पृष्ठभागावरचं जुनो झाडून टाकतं. त्याच सुमारास बीजात कॅल्शियमच्या लाटांमागून लाटा उसळतात, कडेच्या बारीक पुटिका फुटतात आणि बाहेरचं जाड कवच असं बदलतं की मागून आलेल्यांना वाट राहत नाही. या लाटा उठवणारं पीएलसी झीटा हे प्रथिन शुक्रजंतूच घेऊन येतो. कार्डिफच्या संशोधकांनी ते २००२ मध्ये ओळखलं.

एवढा सगळा बंदोबस्त कशासाठी, तर एकच शुक्रजंतू आत यावा म्हणून. दोन आले तर काय होतं हे थिओडोर बोव्हेरी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर पाहिलं. गुणसूत्रं जास्त झाली, एवढंच बिघडत नाही. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे खेचणारी यंत्रणा, म्हणजे सेंट्रोसोम, शुक्रजंतूबरोबर येते. दोन शुक्रजंतूंबरोबर दोन येतात, त्यांचे चार होतात. चादरीची घडी दोघांनी घालायची, तिथे चौघांनी चार कोपरे धरून चार दिशांना ओढावं तसं मग चालतं, आणि कुठल्या पेशीच्या वाट्याला काय येईल याचा नेम राहत नाही. माणसातही सेंट्रोसोम बापाकडूनच येतं. उंदराच्या बाबतीत तसं नाही, त्यामुळे उंदरांवरचं या बाबतीतलं सगळंच ज्ञान माणसाला जसंच्या तसं लागू पडत नाही.

आता तपासणीकडे. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू एकत्र ठेवल्यानंतर साधारण सोळा ते अठरा तासांनी एम्ब्रियॉलॉजिस्ट डिश बाहेर काढते. (आपल्याकडे या कामात मुली पुष्कळ आहेत, म्हणून 'काढते'.) साध्या आयव्हीएफमध्ये बीजाभोवती पेशींचं चिकट आवरण असतं. बीजापेक्षा किंचित रुंद तोंडाच्या काचेच्या नळीतून ते आतबाहेर ओढत ती आवरण सोडवते, मग बीज हलकेच फिरवून बघते. फिरवायचं अशासाठी की एक प्रोन्युक्लिअस दुसऱ्याच्या मागे दडलेला असू शकतो. दोन वर्तुळं जवळजवळ, शक्यतो बीजाच्या मधोमध. आत केंद्रिकांचे ठिपके. कवचाखाली दोन पोलर बॉडी. डिश जास्त वेळ बाहेर ठेवायची नाही, त्यामुळे हे सगळं भराभर. पाहिलं, लिहिलं, परत इन्क्युबेटरमध्ये. पुढे काही तासांत ही वर्तुळं विरतात. उशिरा पाहिलं तर फलन झालेलं बीजही 'झिरो' दिसतं, फार लवकर पाहिलं तरी तेच. आता टाइम लॅप्स कॅमेरा असलेले इन्क्युबेटर आले आहेत. ते दर काही मिनिटांनी फोटो काढतात, त्यामुळे क्षणभर दिसून गेलेलं वर्तुळही सुटत नाही. पण सगळीकडे ते नाहीत.

दोन वर्तुळांचा हा आग्रह का, याची कथा मिरियम मेंकिन या बाईंपासून सुरू होते. बोस्टनजवळच्या इस्पितळात डॉ. जॉन रॉक यांच्या प्रयोगशाळेत त्या वर्षानुवर्षं स्त्रीबीजं आणि शुक्रजंतू एकत्र ठेवून पाहत होत्या. फेब्रुवारी १९४४ मधल्या एका आठवड्यात, तान्ह्या मुलीला दात येत असल्यामुळे रात्रभर जागून आलेल्या मेंकिनबाईंनी शुक्रजंतू नेहमीपेक्षा कमी वेळा धुतले, जास्त वेळ बीजापाशी ठेवले, आणि पुढे पाहिलं तर बीज दुभंगलेलं! शरीराबाहेर झालेलं मानवी फलन म्हणून ते 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. नंतरच्या काळात त्यावर गंभीर शंका घेतली गेली, कारण मानवी स्त्रीबीज शुक्रजंतूशिवायही कधीकधी आपसूक जागं होतं आणि दुभंगतं. बाहेरून फरक कळत नाही. बीज दुभंगलं हा फलनाचा पुरावा होऊ शकत नव्हता. आईचा आणि बापाचा असे दोन्ही प्रोन्युक्लिअस डोळ्यांनी दिसायला हवे होते. रॉबर्ट एडवर्ड्स, बॅरी बॅव्हिस्टर आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी १९६९ मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध छापला तो या कसोटीवर. २५ जुलै १९७८ ला ओल्डहॅममध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्यामागे ती नऊ वर्षं आहेत, आणि जीन पर्डी नावाची एम्ब्रियॉलॉजिस्टही आहे, जिचं नाव बराच काळ कुणी घेतलं नाही.

आपल्याकडे ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून असं बाळ जन्माला आलं. प्रयोगशाळेची बाजू शेजारच्याच इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनमधल्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूने सांभाळली होती. महापालिकेचं रुग्णालय आणि सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून हे केलं, ही गोष्ट आजच्या चकचकीत जाहिराती बघताना मुद्दाम आठवावी. पुढे याच आनंद कुमारांनी कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांची टिपणं वाचली आणि १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचं श्रेय मुखर्जींचं आहे. त्यांनी ते ऑक्टोबर १९७८ मध्येच केलं होतं. मुखर्जींवर तेव्हा सरकारी समितीने विश्वास ठेवला नव्हता आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. स्वतःच्या चमूच्या नावावरचं 'पहिलं' हे विशेषण आपल्या हाताने काढून दुसऱ्याला देणारा शास्त्रज्ञ विरळाच. हिंदुजांनी १९८८ मध्ये गिफ्ट हे तंत्रही इथे यशस्वी केलं. त्यात स्त्रीबीज आणि शुक्रजंतू थेट गर्भनलिकेत सोडतात, म्हणजे फलन पुन्हा दृष्टीआड होतं. टू की थ्री, हे कुणालाच दिसत नाही.

ही दृष्टीआडची गोष्ट जरा नीट लक्षात घ्यावी. पुस्तक लिहिण्याचं खरं कारण ती आहे. लॅबमधल्या रिपोर्टवर थ्री पीएन दिसतो म्हणून लोकांना वाटतं की लॅबमुळे किंवा आपल्यातल्या कुठल्या तरी उणिवेमुळे काही विपरीत घडलं. साध्या आयव्हीएफमध्ये शंभरात पाच-सात बीजं अशी निघणं सर्वसाधारण आहे. त्यातला काही भाग प्रयोगशाळेच्या परिस्थितीचा, कारण डिशमध्ये बीजाभोवती गर्भनलिकेपेक्षा खूप जास्त शुक्रजंतू असतात. पण घरच्या घरी, कुठलाही उपचार न घेता राहिलेल्या गर्भांतही शंभरात एक-दोन तीन संचांचे, म्हणजे एकोणसत्तर गुणसूत्रांचे असतात. त्यातले जवळपास सगळे पडून जातात. कित्येकदा पाळी थोडी लांबली एवढंच कळतं. ते कुणी मोजत नाही, म्हणून त्याचा ठपका कुणावर येत नाही. मोजायची सोय झाली आणि ठपका आला.

आणि मोजल्यावरही तिसरं वर्तुळ कुणाचं, हे कागदावरून वाचता येत नाही. साध्या आयव्हीएफमध्ये बहुतेक वेळा दोन शुक्रजंतू शिरलेले असतात. १९९२ मध्ये ब्रसेल्समध्ये पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या इक्सीत एकच शुक्रजंतू सुईने आत सोडतात. तिथे तिसरं वर्तुळ दिसलं तर बीजाने दुसरी पोलर बॉडी बाहेर टाकलेली नसते, तो वाटा आतच राहिलेला असतो. पहिल्या प्रकारात ते बापाचं, दुसऱ्यात आईचं. पण यात बापाने काय केलं आणि आईने काय केलं? एका पेशीने, एका रात्रीत, एक पाऊल चुकवलं.

वन पीएन हा प्रकार जास्त फसवा. कधी बीज शुक्रजंतूविना आपसूक जागं झालेलं असतं. कधी दोन्ही संच एकाच आवरणात असतात आणि गुणसूत्रं पुरी शेहेचाळीस निघतात. साध्या आयव्हीएफमधल्या वन पीएन बीजापासून वाढलेल्या ब्लास्टोसिस्टमधून, म्हणजे पाच-सहा दिवसांच्या गर्भातून, निरोगी मुलं जन्मल्याच्या नोंदी आहेत. इक्सीतल्या वन पीएनबद्दल डॉक्टर जास्त सावध असतात. झिरो पीएनबद्दल इथे थोडक्यात: बीज कच्चं असणं, शुक्रजंतूने कॅल्शियमच्या लाटा न उठवणं, किंवा नुसती बघायची वेळ चुकणं. लाटाच उठत नसतील तर काही ठिकाणी कॅल्शियम आयोनोफोर वापरतात. तो निवडक जोडप्यांसाठीचा उपाय आहे, सगळ्यांसाठी नाही.

दोन वर्तुळं असणं पुरेसं का नाही, याचं उत्तर मिळालं १९८४ मध्ये. केंब्रिजला अझीम सुरानी, हे एडवर्ड्स यांचेच विद्यार्थी, आणि अमेरिकेत मॅकग्रा व सोल्टर यांनी उंदराच्या बीजांतले प्रोन्युक्लिअस अदलाबदल करून पाहिले. दोन्ही आईकडचे ठेवले तर गर्भ थोडा वाढतो, वार जेमतेम. दोन्ही बापाकडचे ठेवले तर वारेच्या पेशी फोफावतात, गर्भ खुरटतो. संख्या बरोबर असूनही जीव होत नाही; एक इकडचा आणि एक तिकडचाच लागतो.

माणसात याचं रूप म्हणजे द्राक्षगर्भ. दिवस गेलेले असतात, उलट्या नेहमीपेक्षा जास्त, पोट महिन्यांच्या मानाने मोठं. सोनोग्राफीत मूल नसतंच, असतात पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस. पूर्ण द्राक्षगर्भातली सगळी गुणसूत्रं बापाकडची असतात, हे काजी आणि ओहामा या जपानी संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवलं. आईचा संच हरवलेल्या बीजात एक शुक्रजंतू शिरतो आणि त्याचाच संच दुप्पट होतो, किंवा क्वचित दोन शुक्रजंतू शिरतात. अर्धवट द्राक्षगर्भात आईचा संच शाबूत असतो आणि बापाचे दोन. गर्भाशय रिकामं केल्यावर बीटा एचसीजीची रक्ततपासणी पुन्हापुन्हा करत राहावी लागते, कारण काही स्त्रियांमध्ये या पेशी मागे राहून वाढतात, क्वचित कर्करोगाचं रूप घेतात. वेळेत कळलं तर मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. या प्रकरणावर मी सगळ्यात जास्त पानं खर्च केली आहेत. 'पिशवी साफ केली, आता झालं' असं समजून पुढच्या तपासण्या सोडून देणाऱ्या बायका पाहिल्या आहेत.

अपवाद निसर्गात निघतातच. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधल्या एका जुळ्यांविषयी २०१९ मध्ये डॉक्टरांनी नोंद प्रसिद्ध केली: एका बीजात दोन शुक्रजंतू शिरले, तरी तीन संचांची वाटणी अशी झाली की दोन जिवंत भावंडं जन्मली, एक मुलगा आणि एक मुलगी. आईकडून एकसारखी, बापाकडून अर्धवट वेगळी. ही नोंद वाचून "मग आमचा थ्री पीएन का टाकला?" असं विचारणारा वाचक मला नक्की भेटणार. टाकला, कारण अशा नोंदी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नाहीत आणि तो गर्भाशयात सोडण्यातला धोका त्या बाईला असतो.

टू पीएन मिळाला म्हणून पेढे वाटू नयेत, हेही इथेच सांगतो. त्यातले चांगल्या लॅबमध्ये शंभरातले चाळीस ते साठ पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट होतात, आणि त्यांपैकीही अनेकांत गुणसूत्रं कमीजास्त असतात. स्त्रीचं वय चाळिशीकडे झुकतं तसं हे प्रमाण वाढत जातं. सतराव्या तासाला 'नॉर्मल' म्हणजे सतराव्या तासाला नॉर्मल.

समजावून सांगणं ही डॉक्टरांची मेहेरबानी आहे असं वसईत अजूनही मानलं जातं. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात, जोडप्याला उपचाराचे परिणाम आणि यशाची शक्यता सांगून समुपदेशन करणं हे क्लिनिकचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. तेव्हा विचारायला संकोच नको. फलन आयव्हीएफने केलं की इक्सीने? मॅच्युअर बीजं किती होती? तपासणी कितव्या तासाला झाली? थ्री आणि वन पीएनचं काय केलं, आणि आम्ही सही केलेल्या संमतीपत्रात त्याबद्दल काय लिहिलं होतं?

पुस्तकातल्या शब्दांविषयी एक खुलासा. जिथे लोक प्रोन्युक्लिअस, एग पिकअप, ट्रान्स्फर म्हणतात तिथे मीही तेच म्हटलं आहे, कारण वाचणाऱ्याच्या हातात दुसरीकडे रिपोर्ट असणार. आकृत्या सगळ्या एकाच मापाने काढल्या आहेत, फक्त शुक्रजंतू थोडा मोठा दाखवावा लागला. ज्यांच्याकडे रिपोर्ट आजच आला आहे त्यांनी सरळ चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करावी. पहिली तीन नंतर सवडीने वाचली तरी चालतील. आणि ते प्रकरण शक्यतो नवरा-बायकोने बरोबर बसून वाचावं, सासूबाईंना द्यायचं असेल तर सहावं आधी द्यावं.

एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)